गिरणीचं इंजिन, बँकेचा सर्व्हर आणि मुळशीचं पाणी

(पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा किंवा सेव्ह करून रात्री वाचा.)

गेल्या महिन्यात आमच्या बँकेच्या एका शाखेतून शेवटचा सर्व्हर गेला. ई-कचरा घेणाऱ्यांचा टेम्पो आला, दोन पोरांनी ते धूड उचललं, पावती फाडली, संपलं. खरं म्हणजे तो सर्व्हर दहा-बारा वर्षं नुसताच पडून होता. काम सगळं केव्हाच बाहेरच्या डेटा सेंटरवर गेलंय. 'असू दे, कधी लागला तर' म्हणून कोपऱ्यात ठेवलेला. शिपाईमामा त्याच्यावर पाण्याचा जार ठेवायचे.

टेम्पो गेल्यावर मला आमच्या आजोबांची आठवण झाली. तसं बघितलं तर काही संबंध नाही. आजोबा गिरणीत होते, लालबागला. १९२७-२८ च्या सुमारास रत्नागिरीकडून मुंबईत आले आणि बॉयलरवर कोळसा टाकायच्या कामाला लागले. त्यांनी कॉम्प्युटर बघितला तो टीव्हीवर. पण म्हातारपणी ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, गिरणीचं इंजिन बंद झालं त्या दिवसाची. ती ऐकताना आम्ही पोरं कंटाळायचो. आता कळतंय की त्यांच्या गिरणीत तेव्हा जे झालं, जवळजवळ तेच माझ्या हातून आमच्या बँकेत झालं.

क्लाउडमुळे पर्यावरणाचा किती फायदा, धंद्याचा किती फायदा, यावर हल्ली रोज काहीतरी येतं. निम्मं जाहिरातीचं असतं, निम्मं घाबरवणारं. मला वाटतं, हा प्रश्न मुंबईने एकदा सोडवून झालाय, शंभर वर्षांपूर्वी. त्या हिशेबाची वही उघडून बघायला काय हरकत आहे?

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली, कंपनी १८५४ ची. पहिल्या महायुद्धापर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. यातल्या प्रत्येक गिरणीचं स्वतःचं वीजघर होतं म्हणा ना. वीज नव्हे, वाफ. प्रत्येकीचा कोळशाचा ढीग वेगळा, बॉयलर वेगळे, इंजिन वेगळं, धुराडं वेगळं. कोळसा बंगालमधून यायचा, समुद्रमार्गे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळहूनही यायचा. मुंबईच्या आसपास कोळशाची एक खाण नाही, आणि शहर सगळं कोळशावर चालायचं.

आता गिरणीच्या आत काय होतं ते बघा. इंजिनघरात एक अजस्र चाक. त्यावरून जाड दोर वरच्या माळ्यांपर्यंत. प्रत्येक माळ्यावर छताला लांबच लांब शाफ्ट, आणि शाफ्टवरून एकेका साच्याला चामड्याचा पट्टा. आजोबा म्हणायचे, "अरे, इंजिन सुरू झालं की वरच्या माळ्यापर्यंत सगळं फिरायचं. दोनशे साचे चालू देत नाहीतर वीस. आम्हाला कोळसा टाकायचाच." म्हणजे बाजारात मंदी असो, सूत आलेलं नसो, कामगार गावी गेलेले असोत, शाफ्ट फिरतच राहणार आणि कोळसा जळतच राहणार. शिवाय मालकाला इंजिन घ्यायचं ते सगळ्यात जास्त काम असलेल्या दिवसाच्या मापाचं. मग बाकी वर्षभर ते मोठं इंजिन थोड्या कामासाठी फिरणार.

हे वाचताना आयटीवाल्यांना हसू येत असेल. आमचे सर्व्हर याहून वेगळे नव्हते.

मी १९९८ ला या बँकेत लागलो. बँक छोटी, नागरी सहकारी, ठाणे जिल्ह्यातली. नाव नको. सात शाखा. तेव्हा प्रत्येक शाखेचं कॉम्प्युटरीकरण वेगळं असायचं. प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर आणि तो बंद पडला तर म्हणून दुसरा. त्यांना थंड ठेवायला एसी. वीज गेली तर म्हणून यूपीएस, यूपीएसला शिशाच्या बॅटऱ्यांची रांग, ती तीनेक वर्षांनी बदलायची. शाखा आठवड्यातून फार तर अठ्ठेचाळीस तास उघडी. सर्व्हर आणि एसी एकशे अडुसष्ट तास चालू. रात्री, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत कुणासाठी गारवा चालला होता, देव जाणे. आणि उघडी असतानाही त्या मशीनला काम किती? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगाराची आणि पेन्शनीची गर्दी, मार्चअखेर व्याजाची आकारणी. बाकी दिवस ते झोपा काढायचं. पण घ्यायचं मात्र मार्चअखेरच्या मापाचं.

साधा हिशेब मांडतो. एक सर्व्हर सरासरी तीनशे वॅट धरा. चौदा सर्व्हर म्हणजे ४.२ किलोवॅट. वर्षाचे ८,७६० तास. झाली सुमारे ३७ हजार युनिटं. एसी आणि यूपीएसमधली गळती धरून साधारण दुप्पट, म्हणजे सत्तर हजारांच्या वर. आपल्या देशातल्या ग्रिडची एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सात शाखांची एक चिमुकली बँक वर्षाला पन्नासेक टन हवेत सोडत होती, आणि त्यातला मोठा भाग रिकामी खोली गार ठेवण्यासाठी. धूर दिसत नव्हता इतकंच. तो चंद्रपूर-कोराडीला निघत होता.

आम्हीच असे गचाळ होतो असं समजू नका. अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये अहवाल काढला, त्यात तिथल्या सर्व्हरांचा सरासरी वापर क्षमतेच्या १२ ते १८ टक्के एवढाच सांगितला होता. सगळ्या जगाची गिरणी रिकामे शाफ्ट फिरवत होती.

परत मुंबईकडे. गिरण्यांच्या धुराने शहर इतकं काळवंडलं की सरकारला १९१२ मध्ये धुराविरुद्ध खास कायदा करावा लागला. पण खरा बदल कायद्याने झाला नाही, घाटावरच्या पावसाने झाला. लोणावळ्याकडे पडणारं पाणी अडवायचं, घाटावरून नळांनी खाली सोडायचं आणि पायथ्याशी वीज करायची, ही कल्पना मुंबईतले अभियंते डेव्हिड गॉस्टलिंग मांडत होते. ती जमशेटजी टाटांनी उचलली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. कंपनी १९१० मध्ये झाली. पाण्याला पाचशे मीटरची उडी, त्या काळात जगात मोजक्या ठिकाणी असेल. ८ फेब्रुवारी १९१५ ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं. सुरुवातीची क्षमता सुमारे ४० मेगावॅट, आणि गिऱ्हाईक मुख्यतः कोण, तर मुंबईच्या गिरण्या. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा.

गिरणीमालक धावत गेले असतील असं वाटतं ना? तसं नव्हतं. चालू इंजिनात पैसे अडकलेले. ते आपल्या आवारात, आपल्या डोळ्यांसमोर. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून तारेने येणाऱ्या विजेच्या भरवशावर गिरणी कशी सोपवायची? तार तुटली तर? दर वाढवला तर? त्यामुळे हे स्थित्यंतर वर्षानुवर्षं चाललं. आजोबांच्या गिरणीत इंजिन बंद झालं ते तिसाव्या दशकात कधीतरी.

२००९-१० ला मी आमच्या अध्यक्षांकडे बाहेरच्या डेटा सेंटरचा विषय काढला तेव्हा ते काय म्हणाले माहितीये? "तू म्हणतोस ते बरोबर आहे रे. पण मशीन आपल्या डोळ्यांसमोर असलेलं बरं. उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर मी ठेवीदारांना काय सांगू?" मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, प्रश्न रास्त होता. त्यावर पुढे येतोच.

डोळ्यांसमोर असण्याची किंमत मात्र आम्ही आधीच मोजली होती. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. आमच्याकडे उल्हास नदी फुगली. एका शाखेत तळमजल्यावर छातीएवढं पाणी. सर्व्हर गेला, शेजारचा राखीव सर्व्हर गेला, आणि रोजच्या बॅकअपच्या टेप? त्या व्यवस्थापकांच्या कपाटात, त्याच मजल्यावर. नियम होता टेप दुसऱ्या शाखेत पाठवायचा. पाठवणारा मी. दोन आठवडे पाठवली नव्हती. शनिवारी छापलेली खातेवही पोटमाळ्यावर होती म्हणून वाचलो. तीन आठवडे आम्ही सहा जण ओल्या व्हाउचरांवरून एकेक नोंद पुन्हा घालत होतो. एक आजी रोज येऊन विचारायच्या, "माझे आहेत ना रे बाळा?" हो म्हणायचो. पहिले चार दिवस मला स्वतःला खात्री नव्हती.

आता थोडं मागे जातो, कारण 'क्लाउड' हा शब्द नवीन असला तरी कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये एमआयटीच्या शतकमहोत्सवात सांगितलं होतं की उद्या गणनशक्ती टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल. आपल्याकडे तर परिस्थितीनेच ते करून दाखवलं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६४ ला सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. देशात असं मशीन दुसरं नाही, परकीय चलन नाही. मग देशभरच्या संस्थांची कामं त्याच एका मशीनवर. माणसं कार्डांचे गठ्ठे घेऊन यायची, पाळी लावायची, निकाल घेऊन जायची. एक मशीन, शंभर वापरणारे, क्षणभरही रिकामं नाही. गरिबीत हे शहाणपण आपोआप होतं. पुढे कॉम्प्युटर स्वस्त झाले, प्रत्येक कचेरीत आपला आपला आला आणि आपण शाफ्ट फिरवायला लागलो.

२००६ मध्ये अमेझॉनने आपली साठवण आणि गणनशक्ती तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली, तिथून आजचा क्लाउड. यामागची युक्ती म्हणजे एका लोखंडी सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणं. तुमची गर्दी सकाळी, माझी संध्याकाळी, तिसऱ्याची अमेरिकेच्या वेळेने रात्री. तिघांचं मिळून एक मशीन नीट भरतं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई, चेन्नईत केंद्रं उघडली, २०१६ मध्ये अमेझॉन मुंबईत आलं, २०१७ मध्ये गूगल. गिरण्या आणि वीज या उपमेचं श्रेयही माझं नाही. निकोलस कार या अमेरिकन लेखकाने २००८ च्या 'द बिग स्विच' या पुस्तकात ती मांडली आहे. त्याने उदाहरणं अमेरिकेतली घेतली. मी लालबागची घेतोय.

आमच्यासारख्या लहान बँकांनी मात्र त्याही आधी एक देशी वाट काढली होती. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना २०१३ अखेरपर्यंत कोअर बँकिंग करायला सांगितलं. देशातल्या या बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात. स्वतःचं डेटा सेंटर उभारायची ऐपत बहुतेकांची नव्हती. मग एक कंपनी एकच यंत्रणा चालवणार, त्यावर वीस-तीस बँका, प्रत्येक बँक खात्यामागे किंवा शाखेमागे महिन्याला भाडं देणार. कुणी त्याला क्लाउड म्हटलं नाही. आम्हीही २०१३ मध्ये तेच केलं. चौदा सर्व्हर बंद. चौदा एसी-यूपीएस बंद. तीन वर्षांनी येणारा मशीन खरेदीचा मोठा आकडा, त्यासाठी संचालक मंडळात होणारी भांडणं, कोटेशनं, सगळं गेलं. पुढे यूपीआय आलं आणि दहा रुपयांच्या चहाचे व्यवहार रात्री बारापर्यंत यायला लागले, तेव्हा जुनी मशीनं असती तर आम्ही केव्हाच कोलमडलो असतो.

धंद्याचा फायदा म्हणतात तो हाच. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. दुपारी एक वाजता लाखो पोरं एकाच पानावर. त्या एका तासासाठी वर्षभर मोठं मशीन पोसायचं, की तेवढ्या तासापुरतं भाड्याने घ्यायचं? सरकारनेही हे ओळखलंय, एनआयसीचा 'मेघराज' क्लाउड २०१४ पासून आहे. (सरकारी योजनेला दिलेलं इतकं चांगलं नाव क्वचित सापडतं.)

आणि पर्यावरणाचा फायदा? तोही खरा आहे, आकड्यांत दिसलेला आहे. एरिक मॅसानेट आणि सहकाऱ्यांचा एक निबंध 'सायन्स' मध्ये २०२० ला आला. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांमधलं काम ५५० टक्क्यांनी वाढलं आणि वीज वाढली फक्त सुमारे सहा टक्क्यांनी. हे कसं जमलं? मशीनं सुधारली हे आहेच, पण मोठं कारण हे की लहान लहान खोल्यांतलं काम मोठ्या केंद्रांत गेलं. डेटा सेंटरवाले 'पीयूई' नावाचं माप वापरतात. मशीनला एक युनिट लागलं तर इमारतीला एकूण किती लागली? दोन म्हणजे आमच्या शाखेसारखं, जेवढं काम तेवढीच उधळपट्टी. गूगलसारख्या कंपन्या हा आकडा सरासरी १.१ च्या आसपास सांगतात. मुंबईच्या दमट उकाड्यात इतकं खाली येणं कठीण, पण तरी शाखेतल्या खोलीपेक्षा कितीतरी बरं.

इथे एक बारीक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. गिरण्यांनी वीज घेतली तेव्हा अनेकांनी काय केलं? वाफेचं इंजिन काढलं, त्या जागी एक मोठी मोटर बसवली, आणि तेच शाफ्ट, तेच पट्टे फिरवत राहिले. धुराडं थंडावलं, पण वीस साच्यांसाठी दोनशे साच्यांचा शाफ्ट फिरणं चालूच. खरा फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर आल्यावर, आणि त्याला बरीच वर्षं गेली. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये अमेरिकन कारखान्यांबद्दल हेच दाखवून दिलं, आणि कॉम्प्युटरचंही असंच होईल म्हणाला. आज कितीतरी कंपन्या जुनं सॉफ्टवेअर उचलून जसंच्या तसं क्लाउडवर ठेवतात. रात्री बंद करत नाहीत, मोठी मशीनं छोटी करत नाहीत. मग बिल बघून बोंबलतात. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये हिशेब मांडून क्लाउड सोडायचं ठरवलं. त्यांचं काम वर्षभर सारखंच असायचं, मशीनं भरलेली असायची. त्यांना स्वतःची खोली परवडली. ज्याचं काम चढतं-उतरतं, त्याला भाड्याची बरी.

आता वहीतलं दुसरं पान.

खोपोलीची वीज मुंबईला स्वच्छ वाटली, कारण तिची किंमत मुंबईत द्यावी लागली नाही. मुळशी पेट्यात निळा-मुळेच्या संगमाजवळ धरण ठरलं. पन्नासच्या आसपास गावं, आंबेमोहोराची भातखाचरं. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट पुढे होते, 'सेनापती' ही उपाधी त्यांना या लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे होते. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय, धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणतात ते याला. त्यात दिसतं ते असं की नुकसानभरपाई घेऊन मोकळं व्हायला पुण्यातले जमिनींचे सावकार तयार होते आणि कसणारा मावळा नव्हता. १९२४ पर्यंत लढा विझला. धरण झालं. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी घाटाखाली कोकणात वळलं. सोलापूरकडचे लोक ते पाणी परत मागतात, तो वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून जाताना मी त्या बिनखिडक्यांच्या इमारतींकडे बघतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकेकाळी रसायनांचे कारखाने होते. आता डेटा सेंटरं. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळजवळ निम्मा वाटा मुंबई परिसरात आहे. का? समुद्राखालच्या केबली इथे किनाऱ्याला लागतात. (हेही जुनंच. १८७० मध्ये एडनमार्गे सुएझला जाणारी तारेची केबल मुंबईलाच लागली होती.) शिवाय बँका इथे, शेअर बाजार इथे आणि मुंबईची वीज त्या मानाने भरवशाची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसलं, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा असल्या इमारतींना आधार कशाचा? डिझेल जनरेटरचा. धुराडं असतंच, फक्त वर्षातले थोडे तास दिसतं.

आणि वीज किती लागते? आजचं एक मोठं डेटा सेंटर संकुल मागतं ती वीज १९१५ च्या अख्ख्या खोपोलीपेक्षा जास्त असू शकते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या डेटा सेंटरांची २०२४ ची वीज सुमारे ४१५ अब्ज युनिट आहे, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांच्या आसपास जाईल, म्हणजे दुपटीच्या वर, असा अंदाज. एआय हे मोठं कारण. सहा टक्क्यांचं ते सुखाचं दशक संपलं. स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं, इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी जळत नाही, इंजिनं वाढतात.

कंपन्या म्हणतात आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो. नीट वाचा. बहुतेक वेळा ते वर्षाचा हिशेब जुळवतात. दुपारी राजस्थानात सौर वीज विकत घेतली, रात्री ऐरोलीत ग्रिडची जाळली, वर्षअखेर बेरीज सारखी. रात्री दोन वाजता त्या मशीनला वीज कुठून आली, हा प्रश्न विचारला की उत्तर कोळशाकडे जातं. पाण्याचंही तेच. थंडाव्यासाठी पाण्याची वाफ करणारी पद्धत वीज वाचवते आणि पाणी पिते, हवेने थंड करणारी पाणी वाचवते आणि वीज पिते. एमआयडीसीचं पाणी येतं बारवी धरणातून, आणि बारवीची उंची वाढवताना मुरबाडकडची गावं उठली. नवी मुंबईच्या कुठल्या केंद्राला किती पाणी, किती वीज, किती तास डिझेल, हे राज्य सरकार सवलती देताना लिहून घेऊन प्रसिद्ध का करत नाही? वीज शुल्कात सूट आपल्या खिशातून जाते. मग आकडे आपल्याला दिसायला नकोत का? आमदार-नगरसेवक ही पोस्ट वाचत असतील तर एवढा एकच प्रश्न विचारा सभागृहात.

अध्यक्षांच्या प्रश्नाचं राहिलंच. 'उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर?' जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या आपल्याकडच्या तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांची ईमेल वगैरे सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सेवा परत सुरू झाली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला अमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात बिघाड झाला आणि जगभरची अ‍ॅपं लटकली. मी ही दोन्ही कात्रणं अध्यक्षांना पाठवली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. उत्तर आलं, "मग? टेप दुसऱ्या शाखेत पाठवतोस ना?" पाठवतो, साहेब. दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या केंद्रात, रोज रात्री. एकदाही चुकवली नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. २०१३ ला सर्व्हर बंद झाले तेव्हा शाखांमध्ये हार्डवेअर बघणारी दोन मुलं होती, कंत्राटी. त्यांचं काम संपल्याची टिपणी मी लिहिली, माझ्या अक्षरात. एक आज मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, बरं चाललंय. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. बचतीच्या हिशेबात ती दोन नावं पगाराच्या रकान्यात उणे म्हणून आली होती. मुळशीच्या मावळ्यांच्या मानाने हे काहीच नाही, हे मला कळतं.

आजोबांची गोष्ट अशी होती. इंजिन शेवटचं बंद करायच्या दिवशी मालकाने नारळ फोडला, पेढे वाटले. इंजिन खात्यातला म्हातारा ड्रायव्हर पेढा हातात धरून तसाच उभा राहिला. चाक थांबायला कितीतरी वेळ लागला. वाफ तोडल्यावरही ते फिरतच होतं, हळूहळू. आजोबा वाचले, कारण सुताला खळ द्यायच्या खात्याला वाफ लागायचीच, तिथला छोटा बॉयलर चालू राहिला. इंजिन खात्यातले बाकीचे गावी गेले. खंडेनवमीला दरवर्षी त्या चाकाला झेंडूचा भला मोठा हार असायचा. त्या वर्षी कुणीतरी सवयीने हार आणला आणि घालायचा कशाला, असा प्रश्न पडला. शेवटी विजेच्या मीटरला घातला.

आमच्याकडे सर्व्हरला हार घालायचो. आता खंडेनवमीला शाखेतली मुलं राउटरला घालतात. राउटर एवढासा, हार मोठा, दरवेळी खाली पडतो.

तुमच्या घरात कुणी गिरणीच्या इंजिन खात्यात, बॉयलरवर होतं का? किंवा मुळशी पेट्यातून, बारवीकडून उठलेलं? असेल तर खाली लिहा.